कुलूप न तोडता होणारी चोरी



चोर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? रात्रीची वेळ असते. हातात पहार असते. चोर भिंतीला भोक पाडतो किंवा कडी उचकटतो. कुत्री भुंकतात. घरधनी जागा झाला की चोर पळतो. सकाळी तुटलेले कुलूप पाहून सारा गाव गोळा होतो.

आता दुसऱ्या तऱ्हेचा चोर आला आहे. हा भरदिवसा येतो. गावात पाऊलही टाकत नाही. कुत्र्याला त्याचा वास लागत नाही. दाराचे कुलूप शाबूत राहते. पासबुक ट्रंकेत जसेच्या तसे राहते. पण बँकेतला पैसा मात्र गेलेला असतो. पुष्कळदा तर घरधनीच आपल्या हाताने त्याला किल्ली काढून देतो आणि वर त्याला 'साहेब, साहेब' म्हणतो.

या चोरीला सायबर चोरी म्हणतात. शब्द नवा आहे, पण अर्थ अवघड नाही. संगणक म्हणजे हिशेब करणारे व लिहून ठेवणारे यंत्र. आपल्या खिशातला मोबाईल हाही एक लहान संगणकच आहे. जगातली अशी कोट्यवधी यंत्रे तारांनी आणि हवेतल्या लहरींनी एकमेकांना जोडलेली आहेत. त्या जाळ्याला इंटरनेट म्हणतात. या जाळ्यातून जो गुन्हा होतो तो सायबर गुन्हा. आणि त्यापासून आपला बचाव करणे म्हणजे सायबर सुरक्षा.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही शेतात राबणारी माणसे. आम्हाला याचे काय?"

विचार करून पाहा. पूर्वी पैसा मडक्यात, कणगीत, नाहीतर लुगड्याच्या पदराला बांधलेला असे. आज तो बँकेत असतो. पंतप्रधान किसान योजनेचे वर्षाला ६००० रुपये २०१९ सालापासून तीन हप्त्यांत थेट खात्यात येऊ लागले. पीकविमा खात्यात येतो. रोजगार हमीची मजुरी खात्यात येते. निराधारांचे अनुदान खात्यात येते. दूध डेअरीचे बिलही खात्यात येते. म्हणजे आपल्या घामाचे दाम आता यंत्रात आहे आणि त्याची किल्ली आपल्या मोबाईलमध्ये आहे. मग राखण कशी करायची हे शिकायला नको काय?

बँकेत पैसा असतो म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते, बँकेत आपल्या नावाची एखादी थैली ठेवलेली असते. तसे नसते. बँकेच्या वहीत आपल्या नावापुढे एक आकडा लिहिलेला असतो. अमक्याचे इतके रुपये जमा. पूर्वी ही वही कागदाची होती. आता ती संगणकात आहे. कुणी पैसे काढले की आकडा कमी होतो. कुणी भरले की वाढतो.

म्हणजे चोराला तिजोरी फोडावी लागत नाही. तो आकडा बदलला की त्याचे काम झाले.

पण बँक कुणालाही आकडा बदलू देत नाही. ती आधी विचारते, 'तू कोण?' याचा पुरावा तीन प्रकारे देता येतो.

पहिला पुरावा म्हणजे तुम्हाला जे ठाऊक आहे ते. जसे पिन. पिन म्हणजे तुमचा गुप्त आकडा.

दुसरा पुरावा म्हणजे तुमच्याजवळ जे आहे ते. जसे एटीएमचे कार्ड किंवा तुमच्या नावाचा मोबाईल नंबर. बँक त्या नंबरावर एकदाच चालणारा आकडा पाठवते. त्याला ओटीपी म्हणतात. तो आकडा तुम्ही सांगितलात म्हणजे मोबाईल तुमच्याच हातात आहे, अशी बँकेची खात्री होते.

तिसरा पुरावा म्हणजे तुमचे शरीर. जसे अंगठ्याचा ठसा.

हे तीन पुरावे म्हणजे तीन किल्ल्या समजा. सायबर चोराची सारी धडपड या किल्ल्या मिळवण्यासाठी असते. एवढे ध्यानात आले की पुढचे सर्व समजायला सोपे जाते.

चोर किल्ली कशी मागतो?

समजा, एक शेतकरी आहे. खताच्या पैशाची जुळवाजुळव करून त्याने खात्यात ठेवली आहे. दुपारी बांधावर भाकरी खात असताना त्याचा फोन वाजतो.

"काका, मी बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी राहिलंय. आज संध्याकाळी तुमचं खातं बंद होणार."

"अहो साहेब, बंद करू नका. खताचे पैसे आहेत त्यात."

"घाबरू नका काका, मी आहे ना. तुम्ही मला वडिलांसारखे. आता तुमच्या मोबाईलवर एक आकडा येईल. तेवढा वाचून दाखवा. लवकर करा, वेळ कमी आहे."

या बोलण्यात चोराने तीन हत्यारे वापरली. पहिले भय, 'खाते बंद होणार.' दुसरे घाई, 'लवकर करा.' तिसरे गोड बोलणे, 'तुम्ही वडिलांसारखे.' माणूस भ्यायला की त्याचा विचार थांबतो. घाई केली की शेजाऱ्याला विचारायला वेळ उरत नाही. गोड बोलले की संशय जातो. मग तो आकडा सांगून टाकतो. आकडा सांगितला म्हणजे किल्ली दिली.

यावर उत्तर काय? उत्तर फार सोपे आहे. म्हणावे, "साहेब, मी उद्या बँकेत येऊन भेटतो." आणि फोन ठेवून द्यावा. खरा साहेब असेल तर 'या' म्हणेल. चोर असेल तर चिडेल, धमकी देईल, पुन्हा पुन्हा फोन करील. खरी बँक तुमचा पिन किंवा ओटीपी कधीच विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी नाही, आणि मॅनेजर असला तरी नाही.

चोराच्या आणखी काही युक्त्या

एक. 'पैसे घेण्यासाठी पिन टाका.' तुम्ही बैल विकायला काढला, ट्रॅक्टर विकायला काढला, तशी जाहिरात मोबाईलवर टाकली. फोन येतो, 'माल पसंत आहे. विसार पाठवतो. हा चौकोनी ठिपक्यांचा छाप स्कॅन करा आणि पिन टाका.' येथे एक नियम मनात पक्का कोरून ठेवा. पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही. आपल्या घरात कुणी धान्याचे पोते आणून टाकत असेल, तर आपली कणगी उघडून द्यायची गरज काय? पैसे देतो म्हणणारा पिन टाकायला सांगू लागला, तर तो देणारा नव्हे, नेणारा आहे.

दोन. विषारी फाईल. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. किंवा 'किसान योजनेची नवी यादी', 'गाडीचा दंड' अशा नावाने काही येते. त्याच्या नावाच्या शेवटी ए-पी-के अशी इंग्रजी अक्षरे असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असते. ते मोबाईलमध्ये बसले की तुमचे संदेश परस्पर चोराला पाठवू लागते. मग ओटीपी तुम्ही सांगायचीही गरज राहत नाही. ही फाईल ओळखीच्या माणसाच्या नंबरावरूनही येते. कारण त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. म्हणून पत्रिका आली तर आधी पाव्हण्याला फोन करून विचारा, "तुम्हीच पाठवली का?"

तीन. अंगठा. गावात बँक मित्र यंत्र घेऊन येतो. आपण आधार नंबर सांगतो, अंगठा लावतो आणि पैसे घेतो. म्हाताऱ्या माणसांची यामुळे मोठी सोय झाली आहे. पण अंगठा लावण्याआधी रक्कम किती टाकली ती पाहावी किंवा कुणाकडून वाचून घ्यावी. पावती मागून घ्यावी. 'ठसा उमटला नाही, पुन्हा लावा' असे कुणी म्हटले, तर आधी पहिल्या वेळेचे काय झाले ते विचारावे. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून खोटे अंगठे बनवून लोकांचे पैसे काढल्याचे पोलिसांना आढळले आहे. आधार केंद्राने यावर एक सोय केली आहे. आपला अंगठा 'लॉक' करून ठेवता येतो. काम असेल तेव्हा उघडायचा, काम झाले की पुन्हा बंद करायचा. याची माहिती १९४७ या फोन नंबरावर मिळते. आपला देश स्वतंत्र झाला ते साल. विसरणारच नाही.

चार. खोटी अटक. मोबाईलवर पोलिसाच्या वेशातला माणूस दिसतो. मागे ठाण्यासारखी खोली असते. तो म्हणतो, "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. फोन बंद करायचा नाही. घरात कुणाला सांगायचे नाही. सुटायचे असेल तर पैसे भरा." शिकलेसवरलेले लोकही याला बळी पडले आहेत. निवृत्त अधिकाऱ्यांनी आयुष्याची पुंजी गमावली आहे. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी रेडिओवरील 'मन की बात'मध्ये साऱ्या देशाला याबद्दल सावध केले. आपल्या कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही. पोलीस मोबाईलवर अटक करीत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. 'कुणाला सांगू नका' असे जो म्हणतो, तो चोर आहे असे खुशाल समजावे.

मोठ्या घराचीही फोडी होते

आपण एकटे सावध राहिलो म्हणजे झाले, असे मात्र नाही. कधी कधी चोर खातेदाराकडे येतच नाही. तो थेट बँकेच्याच यंत्रात शिरतो. आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण सांगतो.

पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ चा तो शनिवार होता. एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र बँकेच्या मुख्य यंत्राला विचारते, 'या कार्डाला पैसे देऊ का?' मुख्य यंत्र वही पाहून हो किंवा नाही म्हणते. चोरांनी काय केले? त्यांनी मध्येच आपले एक खोटे यंत्र उभे केले. एटीएमचा प्रश्न बँकेकडे जाण्याऐवजी या खोट्या यंत्राकडे जाऊ लागला. आणि ते प्रत्येक वेळी 'हो, दे' म्हणू लागले. जणू सावकाराच्या ओसरीवर बसून भलताच माणूस त्याच्या नावाने चिठ्ठ्या फाडतो आहे!

चोरांचे साथीदार खोटी कार्डे घेऊन तयारच होते. परदेशांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. आपल्या देशात अडीच कोटी निघाले. हे सारे काही तासांत झाले. पुढे सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. मिळून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागलेला नाही, तोटा बँकेचा आहे, असे बँकेने जाहीर केले. खोटी कार्डे वापरून पैसे काढणारे काही जण पोलिसांनी पकडले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा दिली.

दुसरे उदाहरण पैशाच्या चोरीचे नाही, काम अडवण्याचे आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाची एक संगणकी कीड दीडशेहून अधिक देशांत पसरली. ती संगणकातले सारे कागद कुलूपबंद करी आणि 'कुलूप उघडायचे तर खंडणी भरा' असा मजकूर दाखवी. इंग्लंडमधली दवाखान्यांची कामे अडली. रुग्णांना परत जावे लागले. तसलीच दुसरी कीड २७ जून २०१७ रोजी पसरली. तिची सुरुवात युक्रेन देशात झाली. पण रायगड जिल्ह्यातल्या न्हावा शेवा बंदरातील एका धक्क्याचे काम तिने बंद पाडले. पाहा, कीड कुठे पडली आणि पीक कुठे गेले!

यातले शिकण्यासारखे असे की, मे महिन्यातली कीड ज्या भोकातून शिरली ते बुजवण्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती करून घेतली ते वाचले. ज्यांनी आळस केला ते सापडले. आपल्या मोबाईलवर 'अपडेट' करा असा संदेश सेटिंगमध्ये येतो तो हाच. पावसाळ्याआधी आपण छपराची कौले चाळतो ना? तसेच हे आहे. मात्र अपडेट मोबाईलच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधूनच करावे. कुणी पाठवलेल्या लिंकवरून करू नये.

ठगांचा मोड कसा झाला?

या चोरीचा बंदोबस्त समाजाने कसा करावा, हे समजण्यासाठी थोडे इतिहासात जाऊ.

दोनशे वर्षांपूर्वी मध्य हिंदुस्थानच्या वाटांवर ठग फिरत. ते दरोडेखोरासारखे अंगावर धावून येत नसत. वाटसरूशी आधी ओळख काढत. 'आम्हीही त्याच वाटेने चाललो आहोत, सोबत होईल' म्हणत. त्याच्या पंगतीला बसत. विश्वास बसला की गळ्याला रुमाल लावत. आजचा सायबर चोर याच जातकुळीचा आहे. तोही आधी विश्वास मिळवतो.

ठग इतकी वर्षे सापडले का नाहीत? कारण मेलेला वाटसरू एका मुलखाचा, जागा दुसऱ्या मुलखाची, ठग तिसऱ्या मुलखाचे. प्रत्येक ठिकाणी एकच गुन्हा दिसे. त्यामागची टोळी कुणाला दिसत नसे. १८३० नंतर जबलपूरकडे स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पकडलेल्या ठगांचे जबाब घेतले. टोळ्यांची, त्यांच्या घराण्यांची, वाटांची टिपणे एका जागी केली. माहिती एकत्र आली तेव्हा जाळे दिसले. जाळे दिसले तेव्हा ते तोडता आले.

आजही तसेच आहे. चोर एका राज्यात, त्याचे खाते दुसऱ्या राज्यात, फसलेला माणूस तिसऱ्या राज्यात. आपण म्हणतो, 'दोन हजारच गेले, जाऊ द्या, कोण तक्रार करील?' पण चोर असे दोन-दोन हजार हजार माणसांकडून घेतो. हजार माणसे गप्प बसली तर चोर कुणालाच दिसत नाही. हजारांनी कळवले तर त्याचा फोन नंबर, त्याचे खाते, त्याची वाट सारे उघडे पडते. म्हणून रक्कम लहान असली तरी कळवणे हे आपले कर्तव्य आहे. आपले पैसे परत आले नाहीत तरी शेजारच्या गावातल्या एखाद्या विधवेचे पैसे वाचतील.

सरकारने काय केले आहे?

आपल्या देशात यासाठी २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. संगणक किंवा मोबाईल वापरून, दुसऱ्याचे सोंग घेऊन जो फसवतो, त्याला या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २००४ साली 'सर्ट-इन' नावाची संस्था सुरू झाली. नवी कीड आली की ही संस्था कार्यालयांना, बँकांना, कारखान्यांना सूचना देते. पिकावर नवा रोग दिसला की कृषी खाते कळवते, तसेच हे. पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हा फोन नंबर आहे. त्यावर पोलीस आणि बँका एकमेकांना जोडलेल्या आहेत.

१९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचे साल. त्या वर्षी आपल्या शिरोड्यालाही सत्याग्रह झाला. एवढी आठवण ठेवली की नंबर विसरायचा नाही.

चोरी झालीच तर

पहिले काम, रडत बसू नका. वेळ हीच येथे मोठी गोष्ट आहे. चोराने काढलेला पैसा लगेच त्याच्या हातात पडत नाही. तो एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो आणि मग कुठेतरी नोटा होऊन बाहेर पडतो. पाटाचे पाणी फुटले तर लगेच बारे बांधले म्हणजे पाणी अडते. तासाभराने गेलात तर ते ओढ्याला मिळालेले असते. तसे तात्काळ कळवले तर पैसा वाटेतल्या खात्यातच अडवता येतो.

म्हणून ताबडतोब १९३० ला फोन लावा. फोन लागत नसेल तर पुन्हा पुन्हा लावा. आपला खाते नंबर, गेलेली रक्कम, वेळ, आणि संदेशात आलेला व्यवहाराचा नंबर जवळ ठेवा. चोराचा फोन नंबर व त्याचे संदेश पुसून टाकू नका. तोच पुरावा आहे. मग बँकेला कळवून कार्ड आणि मोबाईलचा व्यवहार बंद करायला सांगा. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या वेबसाईटवरही तक्रार नोंदवता येते. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलाची मदत घ्या. नाहीतर सरळ पोलीस ठाण्यात जा. तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये बँकांसाठी नियम घालून दिला. पैसे परस्पर गेले, त्यात खातेदाराची चूक नाही, आणि त्याने कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवले, तर त्याचा तोटा होऊ द्यायचा नाही. खातेदाराने स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणजे दोन्हीकडून पाहिले तरी लवकर कळवण्यातच आपले हित आहे. बँकेत गेल्यावर तोंडी सांगून येऊ नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.

खाते भाड्याने देऊ नका

हे तरुणांसाठी मुद्दाम सांगतो. चोराला पैसा वळवायला दुसऱ्याची खाती लागतात. तो गावातल्या पोराला गाठतो. म्हणतो, "तुझं पासबुक, कार्ड आणि सिम दे. महिन्याला पाच हजार देतो. काम काही नाही." पोराला वाटते, बसल्या जागी कमाई झाली. पण चोरीचा पैसा त्याच्या नावावर येतो. पोलीस माग काढत येतात ते त्याच्याच दारी. खरा चोर दूर असतो. बेड्या मात्र या पोराच्या हातात पडतात. चोरीचा माल घरात ठेवून घेणारा जसा गुन्हेगार, तसाच हाही. आईबापांनी आपल्या मुलांना हे आधीच समजावून सांगितले पाहिजे.

गावाने काय करावे?

चोऱ्या वाढल्या की गावात गस्त घालतात. आळीपाळीने माणसे जागतात. तशी या चोरीसाठीही गस्त हवी.

चावडीवर, शाळेच्या भिंतीवर, दूध डेअरीत, रेशन दुकानात १९३० हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. ग्रामसभेत या विषयाला थोडा वेळ द्यावा. बचत गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर, 'या महिन्यात कुणाला कसला फोन आला?' असे विचारावे. एकीला आलेला फोन दहाजणींनी ऐकला, तर दहाजणी शहाण्या होतात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मोबाईल शिकवताना मुलांनी चिडू नये. 'तुला कळत नाही, आण इकडे' म्हणून हातातून ओढून घेऊ नये. आपण चिडलो की आजी पुढच्या वेळी आपल्याला विचारत नाही. ती फोनवरच्या गोड बोलणाऱ्याला विचारते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट सांगतो. फसलेल्याला हसू नका.

घरफोडी झाली तर गाव हळहळतो. पण सायबर चोरी झाली तर म्हणतो, "एवढीही अक्कल नाही का?" मग काय होते? बाई नवऱ्याला सांगत नाही. म्हातारा मुलाला सांगत नाही. दोन दिवस, चार दिवस जातात. पैसा अडवण्याची वेळ निघून जाते. काहीजण लाजेने जिवाचे बरेवाईट करून घेतात. चोराने पैसे नेले, पण माणूस आपल्या हसण्याने जातो. ज्याच्या घरी असे घडले असेल, त्याच्या दारी जा. त्याच्याजवळ बसा. म्हणा, "गेले तर गेले, जीव लाखाचा आहे. चल, आधी फोन लावू." चोराचे सर्वांत मोठे बळ आपली लाज हे आहे. ती लाज गावाने काढून टाकली की त्याचे अर्धे बळ गेले.

मोबाईल वाईट नाही. त्याच्यामुळे बाजारभाव कळतो, पावसाचा अंदाज कळतो, परगावच्या लेकीचा चेहरा दिसतो. विहीर खोल आहे म्हणून कुणी पाणी भरणे सोडत नाही. विहिरीला कठडा बांधतो आणि पोरांना जपून वाकायला शिकवतो. तेवढेच येथे करायचे आहे.

वाचा आणि घरात सर्वांना सांगा

पिन आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही.
पैसे घेताना पिन लागत नाही.
अनोळखी लिंक उघडायची नाही. व्हॉट्सॲपवर आलेले ॲप घ्यायचे नाही.
अंगठा लावण्याआधी रक्कम पाहायची, मग पावती घ्यायची.
भीती घालणारा, घाई करणारा आणि 'कुणाला सांगू नका' म्हणणारा फोन ठेवून द्यायचा.
आपले खाते, कार्ड, सिम दुसऱ्याला द्यायचे नाही.
चोरी झाली तर लगेच १९३० ला कळवायचे.

उत्तरे द्या

१. बँक आपल्याला ओळखते ते तीन पुरावे कोणते?
२. पैसे घेताना पिन मागणाऱ्याला तुम्ही काय उत्तर द्याल?
३. लहान रक्कम गेली तरी का कळवावे?
४. तुमच्या गावात १९३० हा नंबर कुठे कुठे लिहिता येईल? उद्याच लिहायला कोण जाईल?